मैनाबाईंच्या वाढदिवसाचा आवक क्रमांक

सत्य हाच मानवी संस्कृतीचा पाया होय, आणि ज्या समाजाला स्वतःची जन्मतारीख खरी सांगता येत नाही तो समाज दुसरं काय खरं सांगणार, असं मी जानेवारीच्या अंकाच्या अग्रलेखात लिहिलं होतं. त्याच अंकात पान चारवर संपादकाचा, म्हणजे माझा, फोन नंबर एका आकड्याने चुकला होता आणि महिनाभर बेटेगावच्या एका मंडपवाल्याला आमच्या सभासदांच्या निधनवार्ता ऐकाव्या लागल्या. माणूस भला. आधी 'कधी गेले?' असं विचारायचा आणि मग खुर्च्या किती लागतील ते.

अंक म्हणजे 'स्नेहवार्ता'. आमच्या भागातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांचं चार पानी मासिक वार्तापत्र. कोणाची बदली झाली, कोणाची थांबली, कोणाची मुलगी सी.ए. झाली, कोणाच्या गुडघ्याची वाटी बदलली, अशा बातम्या त्यात असतात. पस्तीस वर्षं पंचायतीच्या खात्यात काढून मी विस्तार अधिकारी (सांख्यिकी) या पदावरून निवृत्त झालो. तालुक्यात विहिरी किती, बैल किती आणि शिवणयंत्रं किती हे ज्याला विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत, तो सांख्यिकीचा विस्तार अधिकारी. निवृत्तीनंतर मी बोईसरला फ्लॅट घेतला. आता बैलांची चौकशीही कोणी करेना, म्हणून हे वार्तापत्र मी अंगावर घेतलं.

सगळं सुरू झालं ते गेल्या जूनच्या अंकापासून. 'या महिन्यातील वाढदिवस' असं एक सदर मी गेल्या मेपासून चालवतो. मे महिन्यात त्यात पाच नावं होती. जूनमध्ये एकशे सात आली. पैकी एकशे एक जणांचा वाढदिवस एक जूनला.

ज्यांनी सरकारी कचेरीत दिवस काढलेत त्यांना यात नवल वाटणार नाही. आमच्या पिढीत पोराला शाळेत घालायला आजोबा नाहीतर काका जात. गुरुजी विचारत, जन्म कधीचा? आजोबा म्हणत, भात लावणीच्या जरा अलीकडे. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून गुरुजी एक जून लिहून टाकत आणि पुढच्या पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडायला सांगत. ते एक जून पुढे दाखल्यावर, दाखल्यावरून सेवापुस्तकात आणि सेवापुस्तकावरून निवृत्तीच्या आदेशात येतं. त्यामुळे दर वर्षी एकतीस मेला सरकारी कचेऱ्यांतून इतकी माणसं एकदम घरी जातात की दोन जूनला कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत हे सांगणाराही उरत नाही.

तर त्या एक जूनला आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकशे एक जणांनी उरलेल्या शंभर जणांना शुभेच्छा दिल्या आणि प्रत्येकाने प्रत्येकाचे आभार मानले. गुणाकार मी करून पाहिला होता, पण तो इथे देत नाही. माझा फोन दुपारी गरम झाला आणि संध्याकाळी बंद पडला. बायको म्हणाली, "अहो, यातला एक तरी खरा जन्मलाय का आज?"

बायकोचं, म्हणजे चारुताचं, हे बोलणं मी मनावर घेतलं. आयुष्यात तिचं जेवढं बोलणं मनावर घ्यायला हवं होतं त्यातलं हे नव्हतं, पण ते नंतर कळलं.

मी 'खरा वाढदिवस' मोहीम जाहीर केली. नमुना तयार केला. रकाने पाच: अनुक्रमांक, नाव, सेवापुस्तकातील जन्मतारीख, खरी जन्मतारीख, आणि आधार. पाचवा रकाना हा माझ्या रक्ताचा भाग आहे. आधार नसलेली तारीख मी आयुष्यात कुठल्या तक्त्यात घेतलेली नाही.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये बळवंतराव राहतात. मूळचे सांगलीकडचे, तारापूरच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. प्रत्येक गोष्टीतला धोका त्यांना दिसतो, फक्त अपघात होऊन गेल्यावर. नमुना पाहून ते म्हणाले, "झकास काम काढलंय बघा, चुरीसाहेब. पण एक करा, नुसतं गोळा करून ठेवू नका. वरती कळवा. कामाची नोंद वरती झाली पाहिजे."

नमुने भरून यायला लागले. कोणी लिहिलं, 'आमच्या वाडीत चिकूला पहिल्यांदा फळ धरलं त्या वर्षी'. कोणी लिहिलं, 'धाकटा काका घर सोडून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. काका परत आल्यास तारीख कळवू'. एका सेवानिवृत्त ग्रामसेवकाने चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली की तू झालास तेव्हा मला बरं नव्हतं, तुझ्या मोठ्या बहिणीला विचार. तरी मी नेटाने चाळीसेक तारखा मिळवल्या. जुन्या नोंदवह्या, पंचांगं, देवळाच्या पायऱ्यांवरचे शिलालेख, सगळं पालथं घातलं. खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर इतके सुखाचे महिने मला लाभले नव्हते.

आणि मग मैनाबाई.

मैनाबाई आमच्या पालघरच्या कचेरीत परिचर. बत्तीस वर्षं. कचेरी कोणती ते लिहीत नाही; जे तिथला चहा प्यालेत त्यांना कळेल. कुठली फाईल कुठल्या कपाटात आहे हे साहेबांना ठाऊक नसतं, बाबूंना ठाऊक असतं पण ते सांगत नाहीत, आणि मैनाबाई विचारायच्या आत काढून टेबलावर ठेवतात. त्यांची सेवापुस्तकातली तारीख एक जून एकोणीसशे पासष्ट. परिचरांची नोकरी साठीपर्यंत असते, तेव्हा त्या या मे अखेरीस निवृत्त होणार होत्या.

मी नमुना घेऊन गेलो तर त्या कप विसळत होत्या. "साहेब, मला कशाला वाडदिवस? आमच्याकडं कोण करतो?"

"तरी पण कधी जन्मलात, काही ठाऊक असेल."

त्यांनी कप पालथा घातला आणि जरा लाजून म्हणाल्या, "आई सांगायची. गावातला वड पंचायतीच्या कचेरीवर पडला ना, त्याच दिवशी पहाटं मी झाली."

हे ऐकल्यावर माझ्या अंगावर काटा आला. वड कचेरीवर पडला म्हणजे ठराव झाला असणार. ठराव झाला म्हणजे तारीख असणार.

त्यांचं माहेर सफाळ्याच्या आतल्या बाजूला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लक्षात येईल. दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढली, वाटेत माकुणसारला भावाकडे चहा घेतला आणि अकरा वाजता त्या ग्रामपंचायतीत हजर झालो. जुनी इतिवृत्तं मागितली, आणि एकोणीसशे चौसष्टच्या वहीत मला ते सापडलं. 'आज पहाटे वडाचे झाड कार्यालयाच्या छपरावर पडल्याने ते हटविण्याच्या खर्चास ही सभा मंजुरी देत आहे. दिनांक १७ ऑक्टोबर १९६४.' मी फोटो काढला आणि वही मिटली. वही मिटायला नको होती. पण ज्याला हवं ते सापडतं तो पुढचं पान उलटत नाही, हे मला सांख्यिकीत असतानाही कोणी शिकवलं नव्हतं.

जानेवारीच्या अंकात पान दोनवर चौकटीत छापलं: 'श्रीमती मैनाबाई यांची खरी जन्मतारीख १७ ऑक्टोबर १९६४. आधार: ग्रामपंचायत इतिवृत्त.' खाली मी हात जोडलेलं चित्रही टाकलं.

अंक द्यायला गेलो तेव्हा मैनाबाईंनी चौकट दोनदा वाचून घेतली आणि अंकाची घडी घालून पदरात ठेवली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथे मी घरी आलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी आजही ग्रुपचा अॅडमिन असतो. पण मला बळवंतरावांचं वाक्य आठवलं. वरती कळवा.

मी कोऱ्या कागदावर पत्र लिहिलं. 'स्नेहवार्ताचा जानेवारीचा अंक माहितीस्तव सविनय सादर.' खाली सही, सहीखाली 'से.नि. विस्तार अधिकारी (सांख्यिकी)'. ते पत्र आणि अंक मी आवक खिडकीवर दिला, शिक्का मारून घेतला आणि पोच खिशात घालून बाहेर पडलो. पस्तीस वर्षांच्या सवयीने पोच घेतली. ज्याने तिथे काम केलेलं नाही अशा कुठल्याही माणसाने अंक टेबलावर ठेवून दिला असता, त्यावर कोणीतरी फरसाण खाल्लं असतं आणि विषय मिटला असता.

आवक क्रमांक पडला की कागदाचा स्वभाव बदलतो. त्याला टेबल लागतं, त्याला मुदत लागते, आणि मुख्य म्हणजे त्याचं काहीतरी करावं लागतं. अंक साहेबांपुढे गेला. साहेबांची बदली झालेली होती, शेवटचा दिवस होता, पुढ्यात दीडशे कागद होते. त्यांनी न वाचता सगळ्यांच्या कोपऱ्यात एकच शेरा मारला, 'आवश्यक कार्यवाही करावी', आणि ते सत्काराला निघून गेले. अंक आस्थापना शाखेत चंद्रभानकडे आला.

चंद्रभान वरिष्ठ सहायक. माझ्या हाताखाली होता तेव्हा कनिष्ठ होता. अतिशय नियमाचा माणूस. घरी भाजी आणली तरी पिशवीवर तारीख टाकेल. त्याने आठवडाभर तो अंक समोर ठेवून विचार केला की यावर आवश्यक अशी कार्यवाही कोणती. नव्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "आधीच्या साहेबांनी शेरा मारलाय, म्हणजे काहीतरी असणारच."

मग त्याने चारही पानं वाचली. आमच्या अंकाचा असा वाचक मला आधी मिळाला नव्हता. त्याने पान दोनवरच्या तारखा सेवापुस्तकांशी पडताळल्या. सेवेत असलेल्या चौदा जणांच्या तारखांत तफावत निघाली. त्यात खुद्द चंद्रभानही होता. माझ्या हिशेबाने तो अडीच वर्षांनी लहान निघतो. बाकीच्यांचे कागद कपाटात होते, त्यांना काही झालं नाही. टेबलावर एकच प्रकरण उघडं होतं, मैनाबाईंच्या पेन्शनचं. त्यावर त्याने टिप्पणी लिहिली: 'सोबतच्या वार्तापत्रानुसार कर्मचारी ऑक्टोबरमध्येच साठ वर्षांच्या झाल्याचे दिसते. तरी मे अखेरपर्यंत सात महिने जादा सेवा होते किंवा कसे, याचा खुलासा होईपर्यंत प्रकरण प्रलंबित ठेवावे काय?' साहेबांनी खाली लिहिलं, 'होय'.

ऑक्टोबर चौसष्टमध्ये साठ मिळवणं हे तिसरीतल्या पोराचं गणित. मी सांख्यिकीचा माणूस, मला ते सुचलं नव्हतं.

मला हे कळलं ते मार्चमध्ये, मैनाबाई घरी आल्या तेव्हा. रविवार होता. चारुताने त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं. त्या सोफ्यावर न बसता जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसल्या, अगदी कडेला.

"साहेब, चंद्रभानभाऊ बोलले, मी आधीच रिटायर झाली म्हणून."

"असं कसं होईल?"

"मी पण तेच बोलली. बोलली, मग मी ऑक्टोबरपास्नं रोज येऊन तुमाला चहा देते ती कोण?"

मी म्हटलं की उद्याच बघतो, काळजी करू नका. त्या शांतच होत्या. मग त्या म्हणाल्या, "साहेब, माजी चूल वेगळी हाय. सून वाईट नाय, पण तिची चूल तिची. पेन्शन आली तर माजी वेगळीच राहील. नाय आली तर तिच्या चुलीवर जावं लागंल. तेवडंच हाय बाकी. माजं काय नाय."

त्या गेल्यावर चारुताने त्यांचा पेला उचलला. मग म्हणाली, "इतकी वर्षं त्या बाईनं तुम्हाला चहा दिला. आणि तुम्ही तिला वाढदिवस दिलात."

मी कधीच कोणाचं वाईट करायला निघालो नव्हतो, हे मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "ते तर आणखीन वाईट."

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्या चौदा जणांच्या तारखा मी शोधून काढल्या होत्या ते मला रस्त्यात टाळायला लागले. एकाने तर पालघरच्या बाजारात मला पाहून मेडिकलमध्ये शिरून खोकल्याचं औषध विकत घेतलं. ग्रुपवर 'तांत्रिक कारणास्तव अॅडमिन बदलत आहोत' असा संदेश आला आणि मी साधा सदस्य झालो. बळवंतराव म्हणाले, "मी तेव्हाच म्हणणार होतो, धोकादायक काम आहे. आवक खिडकीवर कशाला दिलंत?"

"तुम्हीच म्हणालात, वरती कळवा."

"तोंडी कळवायचं असतं हो. तुम्ही सरकारी माणसं फार लिहिता."

मी ठरवलं, चूक छापून झाली, दुरुस्तीही छापूनच होईल. एप्रिलच्या अंकात मी शुद्धिपत्र घातलं. 'श्रीमती मैनाबाई यांची जानेवारीच्या अंकातील जन्मतारीख वाचकांनी ग्राह्य धरू नये.' इथे थांबायला हवं होतं. पण अडतीस वर्षांत, म्हणजे नोकरीची पस्तीस आणि संपादकपणाची तीन धरून, मी एकही तारीख हवेतून काढलेली नाही, आणि ते कोणाला तरी कळायला हवं होतं. म्हणून पुढे लिहिलं: 'तथापि सदर तारखेचा लेखी पुरावा संपादकांकडे उपलब्ध आहे.'

हा अंक मी स्वतः नेऊन दिला नाही. मी मैनाबाईंकडे दिला आणि सांगितलं की फक्त चंद्रभानच्या टेबलावर ठेवा. बत्तीस वर्षं कचेरीत काढलेल्या बाईला टेबलावर नुसता ठेवलेला कागद पोचलेला वाटत नाही. त्यांनी तो नीट आवक खिडकीवर नेला, शिक्का मारून घेतला आणि पोच मला आणून दिली.

चौथ्या दिवशी मला पत्र आलं. 'आपण दिलेल्या शुद्धिपत्रात नमूद केलेला लेखी पुरावा साक्षांकित प्रतीसह सात दिवसांत सादर करावा.' खाली चंद्रभानची आद्याक्षरं. मी पस्तीस वर्षं अशी पत्रं दुसऱ्यांना पाठवली होती; आलेलं कसं लागतं ते पहिल्यांदा कळलं.

मी पालघरला त्याच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिलो. बस म्हणायला त्याला थोडा वेळ लागला.

"चंद्रभान, तू मला ओळखतोस."

"ओळखतो की सर. म्हणून तर सात दिवस दिले. बाकीच्यांना तीन देतो."

"अरे, मी लिहून देतो, जानेवारीचा अंक खोटा आहे."

"खोटा कसा? तुम्हीच म्हणताय पुरावा आहे. मग मी साहेबांना काय लिहू, पुरावा आहे पण खोटा आहे?" तो पुढे वाकून हळू आवाजात म्हणाला, "सर, मैनाबाईंनी माझ्या लग्नात पंगतीला वाढलंय. मला काय हौस आहे? पण दोन आवक नंबर पडलेत. दोन्ही निकाली निघाल्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही. आणि एकतीस मे जवळ आला."

मैनाबाईंनी आमच्या दोघांपुढे चहा ठेवला आणि निघून गेल्या. त्या कपाला मी हात लावला नाही. मग निवला म्हणून प्यालो.

पुरावा सादर केला तर मैनाबाईंची पेन्शन लटकणार. नाही केला तर शुद्धिपत्र खोटं ठरणार आणि प्रकरण तसंच पडून राहणार. मी आयुष्यभर पुराव्याच्या शोधात फिरलो. पुरावा नसता तर बरं झालं असतं असं वाटायची ही पहिली वेळ. पण सात दिवसांतले चार संपले होते. स्कूटर काढली. माकुणसारला चहाला थांबलो नाही.

ग्रामपंचायतीत आता नवीन ग्रामसेविका आली होती. तेजल नावाची, पंचविशीची. माझ्या वेळच्या ग्रामसेवकांसारखी ती कपाटाला टेकून बसलेली नव्हती. जुन्या वह्यांचं स्कॅनिंग करत होती. मी सतरा ऑक्टोबर चौसष्टच्या ठरावाची साक्षांकित प्रत मागितली आणि कशासाठी ते सांगितलं. मैनाबाई, वड, पेन्शन, सगळं.

तिने संगणकात पाहिलं आणि मान वर केली. "सर, तुम्हाला नेमका कुठला वड पाहिजे?"

"म्हणजे?"

"एकसष्टमध्ये पडलाय. चौसष्टमध्ये तुमचा. मग पासष्टच्या जुलैमध्ये. आणि अडुसष्टमध्ये." तिने पडदा माझ्याकडे वळवला. "चारही वेळा छपरावरच, पहाटे. चारही वेळा हटवायला मंजुरी."

मी चारही ठराव वाचले. भाषा तीच, अक्षर त्याच माणसाचं, अडुसष्टमध्ये फक्त 'पुनश्च' हा शब्द वाढला होता. सांख्यिकीच्या दृष्टीने पाहिलं तर एका झाडाने सात वर्षांत एकाच इमारतीवर चार वेळा पडणं हे फार चिकाटीचं लक्षण होतं.

"गावात वड तरी किती होते?" मी विचारलं.

"एकच. तो काय." तिने खिडकीतून बोट दाखवलं.

वड उभा होता. चांगला पाचशे माणसं सावलीत बसतील एवढा. पारावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी बाहेर जाऊन त्यांना नमस्कार केला आणि विचारलं की हा वड कधी पडला होता का.

त्यांनी वडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पडला आसता तर दिसला नसता. फांदी पडायची पावसात, तेवडीच."

"आणि कचेरीचं छप्पर?"

"ते आपोआप पडायचं."

मी आत आलो. तेजल हसत नव्हती, पण तिला त्रास होत होता. म्हणाली, "सर, कुठल्या ठरावाची प्रत देऊ?"

आयुष्यात काही क्षण असे येतात की माणसाला आपलं शिक्षण, संस्कार आणि वर्षानुवर्षांची निष्ठा पणाला लावावी लागते. मी म्हणालो, "चारही द्या."

सातव्या दिवशी मी चार साक्षांकित प्रती जोडून खुलासा सादर केला. एका वडाप्रमाणे मैनाबाई चार वर्षांपूर्वीच निवृत्त व्हायला हव्या होत्या. दुसऱ्याप्रमाणे ऑक्टोबरमध्ये. तिसऱ्याप्रमाणे त्यांची नोकरी या जुलै अखेरपर्यंत उरत होती. चौथ्याप्रमाणे त्यांना अजून तीन वर्षं चहा द्यायचा होता. यांपैकी त्यांचा वड कोणता, हे सांगण्यास संपादक असमर्थ आहेत. 'असमर्थ' हा शब्द लिहायला मला अर्धा तास लागला. चारुताने वाचून पाहिलं आणि म्हणाली, "हे पहिल्यांदा काहीतरी बरं लिहिलंत."

चंद्रभानने खुलासा दोनदा वाचला. त्याचा चेहरा हळूहळू खुलत गेला. इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. तिथल्या तिथे त्याने टिप्पणी लिहिली: 'सबळ पुराव्याअभावी सेवापुस्तकातील जन्मतारीख कायम समजून दोन्ही आवक निकाली काढावेत व प्रकरण नस्तीबद्ध करावे.' म्हणजे फाईल बांधून कपाटात ठेवावी. साहेबांनी लिहिलं, 'होय'. त्यांच्या कारकिर्दीत हे दोन अक्षरी उत्तर आमच्या फार उपयोगी पडलं.

"तसा नियमच आहे, सर," पेनाला टोपण लावत चंद्रभान म्हणाला. "नोकरीला लागल्यावर पाच वर्षांनंतर सेवापुस्तकातली तारीख बदलता येत नाही. खरी असली तरी नाही."

"हा नियम तुला आधीपासून माहीत होता?"

"पाठ आहे. पण नुसत्या नियमाने आवक निकाली निघत नाही ना. त्याला कागद लागतो."

माझ्याच हाताखाली शिकलेला होता.

एकतीस मे शनिवारी आला, म्हणून निरोप शुक्रवारीच झाला. त्या दिवशी एकट्या आमच्या कचेरीतून नऊ जण निवृत्त झाले. सगळे एक जूनचे. शाल, श्रीफळ, बटाटेवडा, वेफर्स. पेन्शनचा आदेश साहेबांनी मैनाबाईंच्या हातात दिला तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या चंद्रभानने वाजवल्या. मला ग्रुपवर परत अॅडमिन केलेलं नव्हतं, पण दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बावीस मिनिटं बोललो. सत्य आणि कागद यांच्यातल्या नात्यावर बोललो, संपादकाच्या जबाबदारीवर बोललो, आणि शेवटी असं म्हणालो की यापुढे 'स्नेहवार्ता'त कोणाच्याही वयाबद्दल एक अक्षरही छापलं जाणार नाही, हा मी मैनाबाईंच्या साक्षीने शब्द देतो. टाळ्या झाल्या. खोकल्याचं औषध घेणाऱ्या गृहस्थांनीही वाजवल्या.

मैनाबाई आपल्याच निरोपाला चहा देत फिरत होत्या. शाल खांद्यावरून घसरू नये म्हणून एक टोक कमरेला खोचलेलं होतं. माझ्यापर्यंत आल्या तेव्हा कप हातात देऊन तिथेच थांबल्या.

"साहेब, एक काम होतं. छोटं हाय."

मी म्हटलं, बोला.

"माजी मोठी भन हाय, रखमा. माज्यापेक्षा साताठ वर्सांनी मोठी. पण तिच्या आधार कार्डापरमानं वय एकसष्टच होतं. म्हातारपणाच्या योजनेला पासष्ट लागतात. ती दोन वर्सं खेटे घालते, कोण ऐकत नाय." त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुमच्या पेपरात तेवडं छापा ना, तिला पासष्ट झाली म्हणून. आवक नंबर मी टाकून आणते."